रेंज फुल्ल, तरी लेव्हल गोठलेली: दोन अँटेनांचा रिसीव्हर चुकीचा चॅनेल का निवडतो

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी एका उपसा सिंचन संस्थेची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, आहे. तिथून चारेक किलोमीटरवर माळावर डिलिव्हरी चेंबर, म्हणजे उपसलेलं पाणी जिथं पडतं ती टाकी. चेंबरमधल्या पाण्याची उंची मोजणारा सेन्सर दर २० सेकंदांनी रेडिओवरून आकडा पाठवतो आणि जॅकवेलच्या पॅनेलवर तो दिसतो. चेंबर भरत आलं की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. ऑगस्ट संपला की हा आकडा गोठायचा. २.४० मीटरवर दहा मिनिटं चिकटून बसायचा, मग एकदम २.९५. तोवर चेंबरवरून पाणी वाहून खालच्या द्राक्षबागेत गेलेलं असायचं आणि बागवाल्याचा फोन चेअरमनना गेलेला असायचा. डिसेंबर-जानेवारी आला की सगळं आपोआप सुरळीत. सलग तीन वर्षं हेच.

जॅकवेलवरच्या ऑपरेटर मामांचं म्हणणं ठरलेलं: "साहेब, रेंज तर फुल्ल हाय की ओ. मशीनच खुळं हाय." पॅनेलवरच्या रेंजच्या काड्यांचं त्यांचं वाचन बरोबर होतं. त्या काड्या काय मोजतात हे मात्र आम्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं.

हे लिहितोय ते अशा सगळ्यांसाठी, ज्यांच्याकडे दोन अँटेनांचा रिसीव्हर आहे, त्यातला सिलेक्टर, म्हणजे दोनपैकी एक अँटेना निवडणारा भाग, "चांगला चॅनेल आपोआप निवडतो" असं विकणाऱ्यानं सांगितलंय, आणि तरीही ठरावीक महिन्यांत डेटा मार खातो.

आधी मांडणी सांगतो. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. त्या पुरानंतर संस्थेनं सगळं पॅनेल जॅकवेलच्या वरच्या मजल्यावर नेलं आणि अँटेनाही नव्यानं बसवल्या. 'अ' अँटेना छतावर, जमिनीपासून सहा मीटर, चारी दिशांनी ऐकणारी उभी काठी, केबल जेमतेम दोन मीटर. 'ब' अँटेना बाजूच्या नऊ मीटरच्या पोलवर, चेंबरकडे तोंड केलेली यागी, म्हणजे एकाच दिशेला ऐकणारी अँटेना, पण केबल तीस मीटर आणि तीही बारीक आरजी-५८. ही केबल ८६६ मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला-वाढला याचं माप) खाते. तीस मीटरला पंधरा डीबी. म्हणजे यागीनं जे कमावलं ते केबलनं वाटेतच गिळलं. म्हणून 'ब'च्या काड्या कायम कमी, आणि सगळे तिला 'स्पेअर' म्हणायचे.

पहिली दोन वर्षं दोष व्हीएफडीवर टाकला. मोटरचा वेग बदलणारी पेटी गोंगाट करते हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे संशय घ्यायला ती सोयीची. संस्थेनं चोक बसवला, केबलवर फेराइटच्या कड्या घातल्या, अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला. अर्थिंग तशीही करायलाच हवी होती, तो खर्च वाया गेला असं म्हणणार नाही. पण आकडा गोठायचा थांबला नाही. मोटर बंद असतानाही गोठतो का, हा साधा प्रश्न त्या दोन वर्षांत कुणी विचारला नाही. मीही नाही. मोटर बंद असताना लेव्हलकडे बघतंय कोण?

तिसऱ्या वर्षी गणपतीत गेलो. संध्याकाळी सातची वेळ, थ्री फेज लाइट रात्री दहाला येणार, म्हणजे मोटर बंद, व्हीएफडी मेलेली, रिसीव्हर बॅटरीवर. पाटकऱ्याला चेंबरवर पाठवलं आणि फोनवर सांगितलं, ट्रान्समीटरचा फ्यूज काढ. त्यानं काढला. पॅनेलवर 'अ'च्या चारपैकी तीन काड्या तशाच उभ्या.

"काढलास का नक्की?"

"हातात हाय की फ्यूज."

पाठवणारा बंद, आणि रेंज जवळजवळ फुल्ल. तिथंच निम्मा उलगडा झाला.

काड्या म्हणजे आरएसएसआय, अँटेनातून आत येणाऱ्या एकूण ऊर्जेचं माप. त्यात आपला सिग्नल किती आणि बाहेरचा गोंगाट किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बाजारात उभं राहून कानावर किती आवाज पडतोय हे मोजलं, तर त्यावरून आपल्या माणसाचं बोलणं कळतंय की नाही हे ठरत नाही. ठरतं ते त्याचा आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे यावर, म्हणजे एसएनआरवर.

रिसीव्हरला लॅपटॉप जोडला. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, हे आकडे उणे असतात आणि उणे ७४ हा उणे ८५ पेक्षा मोठा सिग्नल असतो, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. संध्याकाळी ट्रान्समीटर बंद ठेवून 'अ'वर गोंगाट उणे ९१, 'ब'वर उणे ११२. मग फ्यूज घालून ट्रान्समीटर टेस्ट मोडमध्ये सलग चालू ठेवला: 'अ'चा सिग्नल उणे ८५, 'ब'चा उणे ९३. वजाबाकी करा. 'अ'चा एसएनआर ६ डीबी, 'ब'चा १९. आमच्या साध्या एफएसके मोडेमला दहा-बारा डीबी तरी लागतात. ज्या चॅनेलला आम्ही स्पेअर म्हणत होतो तोच खरा धडधाकट होता, आणि ज्याच्या काड्या फुल्ल त्याच्या कानात नुसता कोलाहल.

तो कोलाहल आला कुठून? आपण वापरतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, म्हणून सगळी स्वस्त टेलिमेट्री तिथंच असते. पण त्याच्या उशालाच, ८६९ पासून ८८९ पर्यंत, मोबाइल टॉवरचा डाऊनलिंक, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल, चालतो. आमच्या फ्रीक्वेन्सीपासून तिथवर अंतर जेमतेम दोन-अडीच मेगाहर्ट्झ. गावाच्या वेशीवरचा टॉवर जॅकवेलच्या छतावरून सरळ दिसतो आणि 'अ' अँटेना चारी दिशांनी ऐकते, म्हणजे त्यालाही. दुपारी तिचा गोंगाट उणे १०४ होता. संध्याकाळी सगळं गाव जेवून मोबाइल घेऊन बसलं की उणे ९१. आमची यागी टॉवरकडे पाठ करून उभी, त्यामुळे तिला फारसा फरक पडत नाही. व्हीएफडीला आम्ही दोन वर्षं उगाच शिव्या घातल्या.

पण मग उन्हाळ्यात का चालायचं? टॉवर तर उन्हाळ्यातही असतो, आणि आयपीएल त्याच दिवसांत.

याचं उत्तर उसात आहे. जॅकवेलसमोर आडसाली ऊस. सप्टेंबरात तो बारा फुटांवर जातो. बऱ्याच जणांना वाटतं, अँटेना सहा मीटरवर म्हणजे वीस फूट, ऊस बारा फूट, मग अडचण काय, नजर तर आरपार जाते. रेडिओला नजरेची रेघ पुरत नाही. रेघेभोवती कोहळ्याच्या आकाराची मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. चार किलोमीटरच्या आमच्या लिंकला मधोमध तिची त्रिज्या साडेअठरा मीटर निघते. अँटेनापासून शंभर मीटरवरही ती पावणेसहा मीटर असते. म्हणजे सहा मीटरवरच्या रेघेखाली तो कोहळा जवळजवळ जमिनीला टेकतो, आणि पावसानं भिजलेला, पाण्यानं भरलेला ऊस थेट त्याच्यात घुसतो. एप्रिलमध्ये 'अ'चा सिग्नल उणे ७४ होता, सप्टेंबरात उणे ८५. अकरा डीबी उसानं खाल्ले. तोड झाली की ते परत येतात. कारखाने सुरू झाले, टोळ्या आल्या, फड मोकळा झाला की आमची टेलिमेट्री 'दुरुस्त' व्हायची आणि ज्यानं शेवटची कडी आवळली असेल त्याला श्रेय मिळायचं.

उन्हाळ्यात 'अ'चा सिग्नल उणे ७४, संध्याकाळचा गोंगाट उणे ९१, फरक १७ डीबी, काम चालून जातं. सप्टेंबरात फरक ६. सगळं जुळलं.

एक गोष्ट तरीही टोचत होती. सिलेक्टर कशासाठी आहे मग? ट्रान्समीटर बोलतो तेव्हा 'अ'वर एकूण उणे ८४ आणि 'ब'वर उणे ९३ दिसणार आणि सिलेक्टर 'अ'ला निवडणार, हे समजलं. पण वारा सुटला की उसाची पानं हलतात, 'अ'चा सिग्नल दहा-पंधरा डीबी खाली-वर होतो. निदान अशा वेळी तरी तो 'ब'कडे जायला हवा होता. लॉगमध्ये बघितलं तर संध्याकाळी तासन्‌तास तो 'अ'वरच बसलेला.

इथं मी कागदावर एक हिशोब केला आणि कपाळावर हात मारला. आमची फ्रेम, म्हणजे एका वेळी जाणारा डेटाचा गठ्ठा, २४ बाइटची. ९६०० बिट दर सेकंदाला या वेगानं ती २० मिलिसेकंदांत जाते, पुढची सुरुवातीची घंटी, म्हणजे प्रीअँबल वगैरे धरून ३० मिलिसेकंद. ट्रान्समीटर दर २० सेकंदांतून फक्त ३० मिलिसेकंद बोलतो. उरलेले १९.९७ सेकंद हवेत आपलं काहीच नसतं. आणि आमचा सिलेक्टर दोन्ही अँटेनांच्या आरएसएसआयची एका सेकंदाची सरासरी सतत काढत बसलेला. म्हणजे तो सिग्नल कधी मोजतच नव्हता. जवळजवळ सगळा वेळ तो रिकामी हवा मोजायचा, ज्या अँटेनावर गोंगाट जास्त ती 'चांगली' ठरवायचा, आणि फ्रेम येईपर्यंत तिथंच ठाण मांडून बसायचा. वाईट चॅनेल अचूक शोधणारं यंत्र होतं ते. अशा पेटीला या धंद्यात 'व्होटर' असंही म्हणतात. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग संस्थेच्या विलेक्शनसारखंच की. जो वरडतोय त्योच निवडून येतोय."

सतत प्रक्षेपण करणाऱ्या लिंकवर ही पद्धत निदान अर्धवट तरी चालते. थांबून-थांबून बोलणाऱ्या लिंकवर ती उलटी चालते. तुमचा ट्रान्समीटर कुठल्या जातीचा आहे हे आधी बघा.

तुमच्याकडे हेच आहे का, हे कसं ओळखायचं

पॅनेल उघडण्याआधी ट्रान्समीटर बंद करून काड्या बघा. पाच मिनिटांचं काम आहे, एक माणूस आणि दोन फोन लागतात. दुपारी एकदा आणि संध्याकाळी आठला एकदा, दोन्ही वेळा दोन्ही चॅनेलवर आकडा लिहून घ्या. दुपारचाच आकडा घेऊन घरी जाणारे इंजिनिअर मी बरेच पाहिलेत. त्यांना चूक सापडत नाही, कारण त्यांच्या वेळेला ती नसतेच.

मग शंभर फ्रेमची चाचणी. सिलेक्टर बंद करून रिसीव्हर 'अ'वर कुलूपबंद करा आणि शंभर फ्रेमपैकी किती सीआरसी पास होतात ते मोजा. सीआरसी म्हणजे फ्रेमच्या शेपटाला लावलेली बेरजेसारखी खूण. वाटेत एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाही. वीस सेकंदांना एक, म्हणजे शंभर फ्रेमला तेहतीस मिनिटं. चहा होतो. मग 'ब'वर शंभर, मग सिलेक्टर चालू करून शंभर. आमचे संध्याकाळचे आकडे: 'अ' ६१, 'ब' ९८, सिलेक्टरसह ६४. दुपारी 'अ' ९८ आणि 'ब' ९७. सिलेक्टर चालू असताना निकाल दोन्हीपैकी वाईट चॅनेलच्या जवळ पडत असेल, तर तो उलटा निवडतोय. आणखी पुरावा लागत नाही.

दोन्ही चॅनेल एकाच वेळी पडत असतील तर गोष्ट वेगळी. दोन अँटेनांचा फायदा हा की प्रत्येकीचं अपयश स्वतंत्र असलं तर दोघी एकदम पडायची शक्यता फार कमी. प्रत्येक चॅनेल शंभरात दहा फ्रेम गमावत असेल, तर दोन्हींवर एकच फ्रेम जाण्याचं प्रमाण शंभरात एक. पण 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. एकाच पाइपला वीतभर अंतरावर दोन सारख्या अँटेना बांधून त्याच उसाकडे तोंड केलं, तर त्या एकत्रच आंधळ्या होतात. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर. खुल्या शिवारात, जिथं परावर्तन दूरवरून येतं, तिथं दोन अँटेनांत काही तरंगलांब्यांचं अंतर ठेवा, आणि उंचीतलं अंतर आडव्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव. नदीच्या पाण्यावरून परावर्तन होत असेल तर नक्कीच, कारण एका उंचीवर सिग्नलचा खड्डा असला की मीटर-दोन मीटर वर बहुतेक वेळा नसतो.

काय केलं

त्याच संध्याकाळी सिलेक्टरचा जंपर काढून रिसीव्हर 'ब'वर कायम केला. गळती तिथंच थांबली. तुम्हाला एवढंच पुरत असेल तर एवढंच करा, लाजू नका.

पण मग दुसरी अँटेना शोभेची. म्हणून पुढच्या फेरीत एका रिसीव्हरवर दोन अँटेना फिरवण्याऐवजी दोन पूर्ण रिसीव्हर लावले. दोघंही प्रत्येक फ्रेम स्वतंत्र वाचतात, सीआरसी तपासतात, आणि मधला छोटा कंट्रोलर ज्याची खूण जुळली त्याची फ्रेम घेतो. निवडणूकच नाही. दोघांची जुळली तर जी आधी आली ती. क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. एकच सिग्नल अनेक ग्राउंड स्टेशन ऐकतात आणि त्यातला सगळ्यांत शुद्ध प्रवाह उचलला जातो. तिथल्या आयरिग १०६ या मानकात तर डेटाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या गुणवत्तेचा आकडा पाठवायची सोय आहे, आणि तो आकडा बिट चुकण्याच्या अंदाजावरून काढतात. आपल्या चेंबरला एवढं लागत नाही, सीआरसी पुरते.

इथं माझी एक घोडचूक सांगतो. दोन रिसीव्हर म्हणजे तीच फ्रेम दोनदा येणार, म्हणून प्रत्येक फ्रेमला ० ते २५५ असा क्रमांक दिला आणि कंट्रोलरमध्ये लिहिलं: आलेला क्रमांक मागच्यापेक्षा मोठा असेल तरच घे. टेबलावर दहा मिनिटं झकास चाललं. बसवून घरी आलो, आणि दीड तासाच्या आत मामांचा फोन: "परत गोठलंय." २५५ नंतर ० येतो. ० कधीच २५५ पेक्षा मोठा नसतो, त्यामुळे त्यानंतरची प्रत्येक फ्रेम कचऱ्यात. २५६ गुणिले २० सेकंद म्हणजे ८५ मिनिटं. मी जे बरं करायला गेलो होतो तेच नव्यानं बिघडवून आलो होतो. आता नव्यातून जुना वजा करतो, २५६ नं भागून बाकी घेतो, ती १ ते १२७ मध्ये असली तर फ्रेम नवी. आणि रिसीव्हर नुकताच चालू झाला असेल किंवा बराच वेळ काही आलं नसेल, तर पहिली येईल ती स्वीकारायची.

ज्यांना दुसरा रिसीव्हर परवडत नाही किंवा मिळत नाही, त्यांनी निवड फ्रेमच्या सुरुवातीला करावी. प्रीअँबल लांब ठेवा. ४ बाइटचं प्रीअँबल साडेतीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी टिकतं, त्यात दोन्ही अँटेना तपासून होत नाहीत. १६ बाइट केलं की तेरा मिलिसेकंद मिळतात. त्यात आधी 'अ', मग 'ब' ऐकायचं, प्रत्येकीच्या आकड्यातून तिचा रिकाम्या हवेचा गोंगाट वजा करायचा आणि जिचा फरक मोठा तिच्यावर फ्रेम संपेपर्यंत टिकायचं. फ्रेमच्या मध्यात अँटेना बदलायची नाही, कधीच नाही. बदलली की ती फ्रेम मेली. आणि मागच्या फ्रेमच्या हिशोबावर निवड करत असाल तर थोडा हट्टीपणा ठेवा: गेल्या वीस फ्रेममध्ये दुसरा चॅनेल निदान पाच फ्रेमनं सरस असेल तरच उडी. नाहीतर वाऱ्याच्या झुळकेसरशी तो इकडून तिकडे नाचत राहतो.

केबल बदलली, आरजी-५८ ऐवजी एलएमआर-४००. तीस मीटरला पंधराऐवजी चार डीबी. 'ब'चा सिग्नल उणे ९३ वरून उणे ८२ झाला, गोंगाटही थोडा वर आला, उणे १०६. फरक चोवीस. हे काम पहिल्याच वर्षी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता, पण तेव्हा सगळं लक्ष फेराइटच्या कड्यांवर.

फ्रीक्वेन्सीही सरकवली. बसवणाऱ्यानं ८६६.८ वर ठेवली होती, टॉवरच्या अगदी कुशीत. ८६५.२ वर आणल्यावर 'अ'चा संध्याकाळचा गोंगाट उणे ९७ वर उतरला. फुकटचे सहा डीबी. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हीकडे एकाच दिवशी बदला. आधी चेंबरवरचा बदला, कारण तिथं जायला चढ आहे आणि विसरलात तर दोनदा चढावा लागतो.

फिल्टरबद्दल हमखास विचारतात. अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये सिग्नल दहा डीबीनं कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर घालून गोंगाट बघा. तो दहापेक्षा बराच जास्त, वीस-पंचवीसनं पडला, तर टॉवरच्या ताकदीनं रिसीव्हर आतून गुदमरतोय आणि फिल्टरचा फायदा होईल. जेमतेम दहानंच पडला तर विकत घेण्याआधी कुणाचा तरी उसना आणून लावून बघा. आमच्याकडे दहानंच पडला, उसन्या फिल्टरनं दोन डीबी सुधारले, परत करून टाकला. टॉवरची जी ऊर्जा आपल्याच फ्रीक्वेन्सीवर सांडते ती कुठलाच फिल्टर गाळू शकत नाही.

आणि मोटर

चांगला चॅनेल निवडला तरी एखाद्या दिवशी दोन्ही जाणारच. वीज पडेल, चेंबरवरची बॅटरी बसेल. तेव्हा पॅनेल शेवटचा आकडा दाखवत राहतं, आणि खरा धोका तिथं असतो. आमचं चेंबर आठ बाय आठ मीटर. मोटर सेकंदाला साठ लिटर ओतते. वरचे तीस सेंटिमीटर म्हणजे एकोणीस हजार दोनशे लिटर. खालचे व्हॉल्व्ह बंद असले तर सव्वापाच मिनिटांत भरलं. म्हणून चार मिनिटं एकही धड फ्रेम आली नाही आणि शेवटचा आकडा वरच्या भागातला असेल, तर मोटर बंद. आकडा खालच्या भागातला असेल तर फक्त भोंगा. आठ तासांच्या लाइटमध्ये विनाकारण मोटर बंद पडली तर शेतकरी रेडिओ उपटून नदीत टाकतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

पॅनेलवरच्या काड्या काढून टाकल्या. त्या जागी आता दोन आकडे दिसतात: गेल्या शंभर फ्रेमपैकी 'अ'वर किती धड आल्या, 'ब'वर किती. मामा रोज रात्री आठला ते वहीत लिहितात, लेव्हल आणि मोटरच्या अँपिअरच्या शेजारी. गेल्या सप्टेंबरच्या पानावर 'अ' ८१, ७७, ७९ असा घसरलेला दिसतो, 'ब' मात्र ९८-९९. डिसेंबरात एका तारखेला 'अ' एकदम ९७, आणि समासात मामांच्या अक्षरात: "आज म्होरला फड तुटला."